चौदा दिवसांचा नियम आणि पाण्यावरची घरं

इंग्लंड आणि वेल्समधल्या कालव्यांवर हजारो माणसं बोटीत राहतात. सुट्टीपुरती हौस म्हणून नव्हे, बारा महिने. स्वयंपाक तिथे, झोप तिथे, नोकरीला जायचं तिथूनच, मुलांचा अभ्यासही तिथेच. यांच्यातल्या ज्यांच्याकडे बोट बांधायला कायमची जागा नाही, त्यांना कायद्याप्रमाणे दर चौदा दिवसांनी मुक्काम हलवावा लागतो. तो हलवला की नाही हे बघायला कालव्याच्या व्यवस्थापनाची माणसं काठाने फिरतात आणि बोटींचे क्रमांक टिपून नेतात.

क्रमांक टिपायला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे त्यामागच्या नियमाला. तो इतका मोघम आहे की तो पाळला गेला का हे ठरवायला माणसाचं वर्षभराचं जगणं तपासावं लागतं. कायदा जिथे स्पष्ट बोलत नाही तिथे अधिकाऱ्याला जास्त बघावं लागतं, जास्त साठवावं लागतं, जास्त विचारावं लागतं. त्याचा भुर्दंड पडतो बोटीत राहणाऱ्याच्या खासगी आयुष्यावर.

इथली व्यवस्था आधी सांगतो. ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी मंडळाच्या जागी 2012 मध्ये कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था आली. तिच्या ताब्यात सुमारे 2,000 मैलांचे कालवे आणि नद्या आहेत आणि त्यांवर 35,000 च्या आसपास बोटी. लायसन्स काढताना बोटवाल्याला दोनांपैकी एक सांगावं लागतं. एकतर बोट ठेवायला ठरलेली जागा, म्हणजे होम मूरिंग, आहे. नाहीतर मी सतत फिरत राहीन. या दुसऱ्या प्रकारच्यांना कंटिन्युअस क्रूझर म्हणतात. 2012 पासून त्यांची संख्या दुपटीहून जास्त झाली आहे. त्यातल्या कित्येकांना फिरण्याची मनापासून ओढ आहे. पण लंडन, ऑक्सफर्ड, बाथ इथली घरभाडी ज्यांनी भरून पाहिली आहेत, त्यांना बाकीचे पाण्यावर का आले हे वेगळं समजावून सांगायला नको.

नियम आहे ब्रिटिश वॉटरवेज ॲक्ट, 1995 च्या कलम 17 मध्ये. त्याचा अर्थ असा: होम मूरिंग नसलेली बोट लायसन्सच्या संपूर्ण मुदतीत खरोखर जलप्रवासासाठी वापरली गेली पाहिजे, आणि ती कुठल्याही एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त, किंवा परिस्थिती पाहता वाजवी ठरेल अशा त्याहून अधिक काळापेक्षा जास्त, राहता कामा नये. मूळ विधेयक 1990 मध्ये संसदेत आलं तेव्हा मंडळाला प्रत्येक बोटीकडे होम मूरिंग असायलाच हवं होतं. बोटीत राहणाऱ्यांनी संसदेच्या समितीसमोर जाऊन आपली बाजू मांडली आणि ती अट गेली. फिरत्या माणसांची बाजू ऐकून संसदेने कायदा बदलला, ही लहान गोष्ट नाही आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्या तडजोडीत तीन गोष्टी उघड्या राहिल्या. खरोखर जलप्रवास म्हणजे किती प्रवास? एक ठिकाण म्हणजे पुलापासून पुलापर्यंत, गावापासून गावापर्यंत, की आणखी काही? आणि वाजवी काळ किती, आणि तो ठरवणार कोण?

ही उघडी जागा ट्रस्टने स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांनी भरली. कायद्यात मैलांचा आकडा कुठेच नाही. तरी 2015 च्या सुमारास ट्रस्टने सांगायला सुरुवात केली की वर्षभरातला तुमचा पल्ला, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन मुक्कामांमधलं अंतर, 15–20 मैलांपेक्षा कमी असेल, तर तुमच्या प्रवासाबद्दल आमचं समाधान होण्याची शक्यता फार कमी. समाधान झालं नाही तर वर्षाऐवजी सहा महिन्यांचं लायसन्स मिळतं. त्या सहा महिन्यांतही हालचाल पुरेशी वाटली नाही तर नूतनीकरण नाकारलं जातं. लायसन्स नसलेली बोट 1983 च्या कायद्यातल्या कलम 8 खाली हटवता येते. कुणी त्यात राहत असेल तर ट्रस्ट आधी कोर्टात जातो, हे खरं. पण कोर्टाचा निकाल ट्रस्टच्या बाजूने लागला तर क्रेन येते, आणि माणसाचं घर उचललं जातं.

आता पाळतीचं गणित बघा. चौदा दिवसांचा नियम तेवढाच असता तर तपासणी सोपी होती. ही बोट पंधरा दिवसांपूर्वी इथे होती का? आजही आहे का? दोन नोंदी पुरल्या असत्या, आणि बोट हलली की त्या पुसून टाकता आल्या असत्या. पण तपासायचं आहे ते प्रवास खरा होता का हे. ते दोन नोंदींवरून कळत नाही. त्यासाठी वर्षभराच्या नोंदी लागतात. बोट कुठून कुठे गेली, कितव्यांदा त्याच गावाजवळ परत आली, कुठल्या दोन पुलांच्या मध्ये घुटमळली, असा सगळा नकाशा मांडावा लागतो. एकेक नोंद निरुपद्रवी असते. पण बोट म्हणजे घर असल्यामुळे बोटीची जागा म्हणजे माणसाच्या अंथरुणाची जागा, आणि वर्षभराची यादी जमली की ती व्यक्ती कुठे काम करते, मुलं कुठल्या शाळेत जातात, कुणाच्या शेजारी वारंवार मुक्काम करते, कुठल्या हॉस्पिटलजवळ महिना काढते, हे सगळं त्यात वाचता येतं. जमिनीवर घर असलेल्या कुठल्याही इंग्रज नागरिकाची अशी यादी त्याच्या घरमालकाकडे किंवा कौन्सिलकडे नसते. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून दूर जाऊन बोटीत राहणारी बाई असेल, तर तिच्यासाठी अशी यादी चुकीच्या हातात पडणं किती धोक्याचं आहे हे सांगायची गरज नाही.

बोटीत खासगीपणा मुळातच दुर्मिळ असतो, हे तिथे गेल्याशिवाय उमगत नाही. नॅरोबोटची, म्हणजे या कालव्यांवरच्या लांबट, अरुंद बोटीची, रुंदी 6 फूट 10 इंच. आत उभं राहून दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना लागतात. बोटीतली जमीन पाण्याच्या पातळीखाली असल्याने खिडक्या टोपाथवरून, म्हणजे काठच्या पायवाटेवरून, चालणाऱ्याच्या गुडघ्यापाशी येतात. पूर्व लंडनमध्ये रीजंट्स कालव्यावर माझ्या ओळखीच्या एक बाई राहतात. ओट्याशी उभ्या राहून त्या भाजी चिरत असल्या की बाहेरून जाणारे लोक वाकून आत बघतात, काही जण फोटोही काढतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, बोट सुंदर दिसते एवढंच. बाईंनी टोपाथच्या बाजूचे पडदे कायमचे ओढून ठेवले आहेत, उजेड त्या पाण्याच्या बाजूने घेतात. गर्दीच्या ठिकाणी त्यांच्या बोटीला लागून दुसरी बोट बांधली जाते, तेव्हा तोही उजेड जातो. मग रात्री पलीकडच्या बोटीतली माणसं आपल्या घरी जायला यांच्या गलबताच्या टोकावरून चालत जातात आणि पावलांचा आवाज उशाशी येतो. हे सगळं त्यांनी स्वीकारलं आहे, कारण हे शेजाराचं आहे. नोंद घ्यायला येणाऱ्या माणसांशीही त्यांचं वैर नाही. त्यांतला एक जण थांबून त्यांच्या छपरावरच्या टोमॅटोच्या रोपांची चौकशी करतो. त्यांची झोप उडते ती नूतनीकरणाचं पत्र यायच्या आठवड्यात. आपलं वर्ष कुणाला तरी पुरेसं वाटेल का, हे त्यांना आधी कळायला काहीही मार्ग नसतो.

पण पाळतीपेक्षाही मला जास्त टोचते ती विचारपूस. परिस्थिती पाहता वाजवी असेल तर जास्त दिवस राहता येतं, असं कायदा म्हणतो. ही दयेची तरतूद आहे. इंजिन बिघडलं, कालवा गोठला, माणूस आजारी पडला, तर कुणी बोट कशी हलवणार? पण ही दया मिळवायची तर आपली परिस्थिती उघड करावी लागते, आणि तीही त्याच संस्थेपुढे जी आपलं लायसन्स रद्द करू शकते. समजा एका बाईची केमोथेरपी चालू आहे. तिला हॉस्पिटलपासून जवळ राहायचं आहे, आणि उपचारानंतर चार दिवस तिला लॉकची, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या कप्प्याची, जड दारं ढकलण्याचं बळ नसतं. चौदा दिवसांपलीकडे राहायला तिने आपला आजार कळवायचा, मागितलं तर डॉक्टरचा कागद जोडायचा, आणि उत्तराची वाट बघायची. गरोदर बाईचं तेच. मानसिक आजार असलेल्या माणसाचं तेच. कायमचं अपंगत्व असेल तर 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली नियमात सवलत मागता येते, पण त्यासाठी अपंगत्वाचा तपशील द्यावा लागतो. पुण्याच्या एखाद्या सोसायटीत सेक्रेटरीला केमोचे रिपोर्ट दाखवल्याशिवाय स्वतःच्या फ्लॅटमध्ये तिसरा आठवडा राहता येणार नाही असा नियम काढला, तर दुसऱ्या दिवशी ती कमिटी उरणार नाही. बोटीतल्या माणसाने मात्र हे निमूटपणे सोसावं, अशी अपेक्षा आहे.

आणि कुठली कारणं चालतील, कुठली नाहीत, हेही ट्रस्टच्याच सूचना ठरवतात. मुलाची शाळा किंवा आपली नोकरी जवळ हवी, हे कारण त्यांत ग्राह्य धरलेलं नाही. त्यामुळे शाळकरी मुलाची आई खरं कारण सांगत नाही. ती पल्ला कसाबसा ताणते, पहाटे उठून मुलाला दोन बस बदलून शाळेत पोचवते, आणि नोंदीत तिचा प्रवास खरा दिसतो. खोटं बोलायला भाग पाडणारा नियम प्रामाणिक माणसाला आधी थकवतो.

बोटीतल्या कुटुंबांवर डोळा ठेवण्याची इंग्लंडमधली परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मालवाहू बोटींवर अख्खी कुटुंबं राहत, दहा-एक फूट लांबीच्या केबिनमध्ये, चुलीच्या शेजारी. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने त्यांच्या मुलांच्या हालअपेष्टांबद्दल आवाज उठवला. तो स्वतः लहानपणी वीटभट्टीत राबलेला माणूस होता आणि त्याची तळमळ खरी होती. त्याच्या प्रयत्नांतून 1877 मध्ये कॅनाल बोट्स ॲक्ट झाला आणि 1884 मध्ये तो आणखी कडक केला गेला. बोटीची नोंदणी, अंगावर क्रमांक, आत किती माणसं झोपू शकतात, किती वयाची, स्त्रिया-पुरुष कसे, हे सगळं ठरवलं गेलं आणि निरीक्षकाला केबिनमध्ये शिरून बघायचा अधिकार मिळाला. मुलांची काळजी हे कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण शहरातल्या कोंदट चाळींत त्याहून वाईट स्थितीत राहणारी कुटुंबं होती आणि त्यांच्या घरावर क्रमांक रंगवले गेले नाहीत.

1877 च्या त्या कायद्याच्या सहाच वर्षं आधी, 1871 मध्ये, याच राजवटीने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला होता. पुढे पारधी, कैकाडी अशा जमातींच्या कित्येक पिढ्या हजेरी आणि परवान्यांत गेल्या. सोलापूरच्या सेटलमेंटची, म्हणजे या जमातींना कोंडून ठेवलेल्या वसाहतीची, आठवण आजही भटक्या-विमुक्तांच्या घरांत सांगितली जाते. त्या यातनांची बरोबरी बोटवाल्यांच्या त्रासाशी करणं मोठा अन्याय होईल, आणि मी ती करत नाही. सांगायचं आहे ते राज्ययंत्रणेच्या सवयीबद्दल. माणूस फिरता असला की त्याच्या फिरण्याचा हिशेब मागावा, असं तिला दोन्ही देशांत वाटलं. स्थिर माणसाकडे असा हिशेब कुणी मागितला नाही.

घराचा खासगीपणा दारापाशी सुरू होतो की त्याआधी, हा प्रश्न आपल्याकडेही कोर्टात लढला गेला आहे. खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या 1962 च्या खटल्यात एका माणसावर दरोड्याचा संशय होता, पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलिसांनी त्याचं नाव पाळतीच्या यादीत घातलं. रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावायचं, आणि त्याच्या येण्याजाण्याची नोंद ठेवायची. सुप्रीम कोर्टाने रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण हालचालींची नोंद राहू दिली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं: सतत पाळतीखाली असलेला माणूस मोकळा नसतोच, दार ठोठावलं नाही तरीही. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला तेव्हा जुन्या निकालाची खासगीपणा नाकारणारी बाजू मोडीत काढली. ब्रिटनमध्येही युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम 8 घर आणि खासगी आयुष्य यांना संरक्षण देतं, आणि 2017 मध्येच तिथल्या अपील कोर्टाने एका बोटवाल्याच्या बाबतीत त्याचा कलम 8 चा मुद्दा तपासल्याशिवाय बाजूला सारता येणार नाही असं म्हटलं. म्हणजे बोट हे घर आहे, हे कोर्टांना मान्य आहे. पण हा मुद्दा ऐकला जातो तो घर जायची वेळ आल्यावर. त्याआधीची सगळी वर्षं, नोंदी साठत असताना, कुणी विचारत नाही.

ट्रस्टची अडचण मला दिसते. लंडनमध्ये आणि केनेट अँड एव्हन कालव्याच्या पश्चिम टोकाला जागा कमी आणि बोटी फार आहेत. सुट्टीवर बोट घेऊन निघालेल्या कुटुंबाला रात्री बोट बांधायला मैलभर काठ मोकळा सापडत नाही, हाही अन्यायच आहे. सरकारी अनुदान 2027 पासून खरेदीशक्तीच्या हिशेबात मोठं घटणार आहे, आणि दोनशे वर्षांपूर्वीची लॉक आणि बंधारे दुरुस्तीला पैसा मागतात. होम मूरिंगचे पैसे भरणाऱ्याला वाटतं की फुकट जागा अडवणाऱ्यांवर कुणी लक्ष ठेवावं. एप्रिल 2024 पासून कंटिन्युअस क्रूझरकडून लायसन्सवर अधिभार घेतला जातो, आणि तो टप्प्याटप्प्याने वाढणार आहे. कालवा सार्वजनिक आहे, तो सगळ्यांच्या वाट्याला यायला हवा, यात वाद नाही.

पण यासाठी माणसाचं वर्ष तपासायची गरज नाही. नियम जागेला लावा. गर्दीच्या काठावर 48 तास, सात दिवस अशा मुदतीच्या पाट्या आजही आहेत, आणि लंडनमध्ये काही ठिकाणी आगाऊ बुकिंग करून पैसे भरूनच थांबता येतं. असे काठ वाढवा, तिथे कडकपणे तपासा, मुदत ओलांडणाऱ्याकडून दंड घ्या. त्या जागेपुरती नोंद त्या जागेच्या मुदतीपुरती ठेवा आणि मग पुसा. बाकीच्या शेकडो मैलांवर चौदा दिवसांचा नियम आहे तसा चालू द्या आणि वर्षभराचा पल्ला मोजणं बंद करा. काही बोटवाले गावाच्या आसपास घुटमळतील. घुटमळू देत. ज्या काठावर कुणी वाटेत अडत नाही, तिथे माणूस कुठल्या गावाजवळ राहतो याचं सोयरसुतक कुणाला असायचं कारण नाही.

आजाराचे कागद लायसन्स विभागाकडे जाताच कामा नयेत. ट्रस्टबाहेरच्या, डॉक्टरी गुप्ततेच्या नियमांनी बांधलेल्या एखाद्या व्यक्तीने ते बघावेत आणि ट्रस्टला फक्त एवढं कळवावं: या बोटीला अमुक तारखेपर्यंत मुदतवाढ. कारण त्यात लिहायचं नाही. नोंदींची प्रत आज मागितल्यावर, डेटा संरक्षण कायद्याचा अर्ज केल्यावर मिळते. ती न मागता दर महिन्याला बोटवाल्याकडे आली पाहिजे, म्हणजे चुकीची जागा नोंदली गेली तर ती त्याच महिन्यात दुरुस्त होईल, नूतनीकरणाच्या वेळी उगवणार नाही. आणि लायसन्स नाकारायचं तर तो निर्णय, नाकारणाऱ्या संस्थेचा नसलेल्या कुणीतरी, बोट हटवायच्या नोटिशीच्या आधी तपासावा.

2024 च्या अखेरीस ट्रस्टने लायसन्सच्या चौकटीचा विचार करायला एक स्वतंत्र आयोग नेमला, आणि तेव्हापासून 1995 चा कायदा बदलायची चर्चा सुरू आहे. तो बदलणार असेल तर त्यात मैलांचा आकडा घालायची घाई होईल, कारण आकडा घातला की मोघमपणा गेला असं वाटतं. पण वर्षाचा पल्ला आकड्यात मोजायचा तर वर्षाच्या नोंदी आल्याच, म्हणजे पाळत कायद्यातच लिहिली जाईल. दुरुस्ती करायची तर कलम 17 मधल्या खरोखर जलप्रवास या अटीपासून सुरुवात करा. आणि तिचा मसुदा बंद खोलीत ठरवू नका. 1990 च्या विधेयकावर बोटीत राहणाऱ्यांनी संसदेच्या समितीसमोर उभं राहून एक अट घालवली होती. तशीच समिती पुन्हा बसवा आणि त्यांना पुन्हा बोलू द्या.